मुक्त खेळाची रंगीत तालीम

“मूल जन्मतःच स्वतंत्र असतं! त्या स्वातंत्र्याच्या आड येणारा हात, मग तो आईचा असो, बापाचा असो की शिक्षकाचा, गुन्हेगाराचाच हात होय!”

असे उद्गार विपुल सरांनी उजवा हात उंच करून काढले. डाव्या हाताने त्यांनी खेळगटातल्या छोट्या अलीझाच्या फ्रॉकचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता, कारण ती माइकची वायर चावायला निघाली होती.

विपुल सर हे अकोल्याच्या नवांकुर आनंदवाटिकेचे संचालक. नुकतेच चिखलदऱ्याहून आले होते. तिथल्या एका हॉटेलात बालस्वातंत्र्याचं शिबिर झालं. बाहेर धुकं, आत गरम भजी आणि त्या दोहोंच्या मध्ये चिंतन, अशा वातावरणात विभागातल्या समस्त बालवाडीचालकांनी एकमुखाने ठरवलं की लहान मुलांना काहीही शिकवू नये. शिबिराचे मार्गदर्शक होते नागसेन साहेब, म्हणजे अमरावतीच्या विभागीय बालस्वातंत्र्य मूल्यमापन समितीचे अध्यक्ष. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ‘बालस्वातंत्र्य संहिता’ सरांनी येता येताच फ्लेक्सवर छापून आणली आणि खेळगटाच्या वर्गात, भिंतीवरच्या रंगीत हत्तीवर, ठोकून दिली. हत्तीची सोंड तेवढी बाजूने बाहेर राहिली.

संहितेचं पहिलं कलम असं होतं: मुलाच्या हातातली वस्तू मोठ्यांनी काढून घेऊ नये, मूल स्वतःहून देईल तोवर थांबावं. दुसरं कलम: खेळात मूल जी भूमिका घेईल, तिचा मोठ्यांनी मान राखावा. पुढेही बरीच कलमं होती. वर्गात त्यातलं एकही वाचता येण्याच्या वयाचं कुणी नव्हतं. सगळी अडीच-तीन वर्षांची लेकरं. त्यांना फक्त हत्ती गेला एवढंच कळलं आणि दोघं-तिघं त्यासाठी रडली.

या खेळगटाच्या बाई म्हणजे पौर्णिमाताई. सरांचं भाषण ऐकताना त्यांच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता: कायम. आल्या त्या दिवसापासून त्या हंगामी होत्या. हंगामी म्हणजे कसं, तर पोळ्याला घेतलेला बैल संक्रांतीपर्यंत आपला आहे की नाही हे बैलालाही ठाऊक नसावं, तसं. हिवरखेडला त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. वडील दर रविवारी फोनवर विचारत, “काहून पौर्णिमा, झाली का पक्की?” नाही म्हटलं की पलीकडे गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज येई. त्या आवाजाचा अर्थ, परत ये आणि गिरणीवर बस, पौर्णिमाताईंना समजत असे.

“समिती आपल्या वर्गाची तपासणी करणार आहे,” विपुल सर म्हणाले. “शेरा चांगला आला की तुमची कायमची ऑर्डर माझ्या टेबलावरच आहे असं समजा.”

“कुठं आहे सर?”

“समजा, म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वातंत्र्य लागू झालं. पौर्णिमाताईंनी मुलांना गोल बसवलं आणि सरांनी सांगितलेलं वाक्य सांगितल्याबरहुकूम उच्चारलं, “बाळांनो, आता तुम्हाला जे हवं ते करा.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अलीझा उठली. चपला ठेवायच्या लाकडी घोडीपाशी गेली, दोन पायांत दोन वेगवेगळ्या पोरांच्या चपला घातल्या, पाठीला दप्तर लावलं आणि दारात उभी राहून म्हणाली, “टाटा.” तिच्यामागे स्वप्निल. स्वप्निलमागे अख्खा वर्ग. बालकांनी आपल्या स्वातंत्र्याचा पहिला वापर घरी जाण्याकडे केला.

मदतनीस पार्बताबाईंनीही हातातला झाडू भिंतीला टेकवला. “मंग मीही निघू का बाई? आजपासून मोकळीकच हाय म्हन्तात.”

विपुल सरांनी तातडीची बैठक घेतली. “हे स्वातंत्र्य नाही, हा स्वैराचार आहे,” ते म्हणाले, आणि संध्याकाळी सूचना निघाली. मुक्त खेळ फक्त दोन घंटांच्या मधल्या वेळात, गालिच्याच्या कडेच्या आत आणि दिलेल्या साहित्यानेच खेळला जाईल. ज्या बालकाला याव्यतिरिक्त काही करावंसं वाटेल, त्याने ते वाटणं मुक्त खेळाच्या वेळेबाहेर ठेवावं. आणि शाळा सुटेपर्यंत चपलेला कुणीही हात लावणार नाही.

शाळा सुटतानाची व्यवस्था पौर्णिमाताईंची स्वतःची होती आणि ती संहितेच्याही आधीपासून चालत आली होती. घोडीशेजारी एक बुटकं स्टूल होतं. त्यावर त्या बसत. समोर पोरं बसत, हाताची घडी, तोंडावर बोट. जे शांत बसेल त्याला आधी चपला मिळत. जरा कुणी हूं केलं की ताई हनुवटी वर करून म्हणत, “कोण बोलतंय? तुझा नंबर शेवटी.” अलीझाला तोंड मिटून बसणं जमत नसे. तिचा नंबर रोज शेवटी येई. शेवटी बसून ती सगळं नीट बघत असे.

महिना उलटला आणि पालक खवळले. पालकसभेत पहिले उठले नईमभाई, अलीझाचे अब्बा. त्यांचं कूलरचं दुकान. अकोल्याच्या उन्हात कूलर विकणारा माणूस शक्यतो गरम होत नाही, पण ते झाले होते.

“सर, बुरा मत मानो, पन हे काय चालू हाय? पोट्टी घरी आली की साऱ्यांच्या चपला घेऊन बसते. तोंडावर बोट ठेवल्याबिगर देत नाई. परवा दादीले दवाखान्यात न्यायचं होतं, तं चप्पल कैद! दादी बिचारी अर्धा घंटा बोट ठेवून बसली. डॉक्टर निघून गेला!”

त्यांच्यानंतर धर्मपालभाऊ उठले, स्वप्निलचे वडील. ते सरकारी कचेरीत मोठे बाबू असल्यामुळे बोलण्याआधी खाकरले. “आमचा स्वप्निल भरती झाला तवा त्याले ए टू झेड येत होतं. तुमच्या स्वातंत्र्यात ते एचपर्यंत आलं. असंच चाललं तं दिवाळीपर्यंत पोरगं साफ कोरं होईन. आमी काय कोरं पोरगं घ्यायले फी भरून राहिलो का?”

“मुक्त खेळातूनच शिक्षण होत असतं,” विपुल सर म्हणाले.

“मंग गृहपाठ द्या ना!” पंधरा-वीस कंठांतून एकदम निघालं.

विपुल सर लोकशाही मानणारे होते. दुसऱ्या दिवसापासून मुक्त खेळाचा गृहपाठ सुरू झाला. मुलाने घरी अर्धा तास मुक्तपणे खेळायचं आणि पालकांनी त्याची चित्रफीत ग्रुपवर टाकायची. पहिल्या दिवशी कुणाच्या तरी पोराने वाटीत चमचा वाजवला आणि त्याला तीन अंगठे मिळाले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ठोकळ्यांचा पूल टाकला. तिसऱ्या दिवशी धर्मपालभाऊंनी किरकोळ रजा टाकून ठोकळ्यांचा मनोरा उभा केला, पंख्यापर्यंत. स्वप्निलला मात्र त्यांनी खोलीत येऊ दिलं नाही, कारण त्याने पाडला असता. चित्रफितीत स्वप्निल शेवटी दारातून डोकावताना दिसतो, आणि मागून आवाज येतो, “हास. हास ना बे.”

अकोल्यात ज्या विषयाचा क्लास नाही, तो विषय अजून निघायचा आहे. आठवड्याभरात शाळेच्या मागच्या गल्लीत पाटी लागली: ‘मुक्त खेळाची हमखास तयारी. उत्स्फूर्ततेवर विशेष भर. मोजक्याच जागा.’ धर्मपालभाऊंनी स्वप्निलला सकाळच्या बॅचला घातलं. तिथे त्याला शिकवण्यात आलं की ठोकळा उचलल्यावर आधी आश्चर्य वाटलं पाहिजे, मग आनंद. आनंद आधी झाला तर आश्चर्याचे मार्क जातात. घरी आल्यावर तो खेळायला मागत नसे. “झालं माझं खेळून,” म्हणे, आणि आईच्या मांडीवर झोपून जाई. धर्मपालभाऊ समाधानाने सांगत, “पोरगं मेहनत करून राह्यलं.”

मग समितीची तारीख आली आणि मुक्त खेळाची रंगीत तालीम घेणं क्रमप्राप्त झालं.

विपुल सरांनी प्रत्येक मुलाला त्याने उत्स्फूर्तपणे काय करायचं ते ठरवून दिलं. स्वप्निलकडे कुतूहल. कोपऱ्यातल्या दोघांकडे सहकार्य, म्हणजे एकाने चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याने न रडता घ्यायचा. एका गुबगुबीत मुलाकडे फक्त निखळ हास्य. त्याला घंटा झाली की हसायचं होतं, पण तो घंटेला दचकून रडायचा, म्हणून त्याच्यापुरती घंटा मनातल्या मनात वाजवायचं ठरलं. अलीझाला बाहुली दिली आणि वात्सल्य सोपवलं. अलीझाने बाहुली समोर बसवली, तिचे हात ओढून घडी घातली आणि म्हणाली, “कोण बोलतंय?”

“वात्सल्य जरा कडक होतंय ताई,” विपुल सर म्हणाले. “आणि त्या दिवशी चपला कुलपात ठेवा. चपला दिसल्या की मुलांच्या मनात घर येतं.”

पौर्णिमाताईंनी मान हलवली. रविवारी वडिलांचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, “बाबा, शुक्रवारपर्यंत पट्टा लावू नका.”

शुक्रवारी अमरावतीहून जीप आली. नागसेन साहेब, एक सदस्य, एक सदस्या आणि फोटो काढणारा. गालिचा नवा असल्याने सर्वांनी दाराबाहेरच पादत्राणं काढली. मुलांच्या चपला कोठीत कुलूपबंद असल्यामुळे घोडी रिकामी होती. पार्बताबाईंनी मोठ्या मायेने पाहुण्यांचे बूट, चपला, विपुल सरांच्या मोजड्या आणि सगळ्यांत वर साहेबांचे नाडीचे, आरशासारखे चकचकीत बूट असे ओळीने लावून ठेवले. जागा उरली म्हणून आपल्याही लावल्या.

मुक्त खेळ उत्तम झाला. घंटा होताच सर्व मुलं आपापल्या जागी स्वतंत्र झाली. स्वप्निलने लाल ठोकळा उचलला, भुवया वर केल्या, मोठ्याने “अरे वा!” म्हटलं, थोडं थांबला आणि हसला. सहकार्य सुरळीत पार पडलं. निखळ हास्याला ऐन वेळी शू झाली, पण तो हसतच होता, त्यामुळे ते फोटोत कुठेच आलं नाही. नागसेन साहेब भारावले. त्यांनी तिथल्या तिथे उभं राहून भाषण सुरू केलं.

भाषण लांबलं. बालकाच्या अंतरंगातून साहेब हळूहळू राष्ट्राच्या भवितव्याकडे निघाले होते. पालक खिडकीबाहेर मोबाइल वर धरून उभे होते. पौर्णिमाताई सरांच्या चेहऱ्यावर आपली ऑर्डर दिसते का ते बघत होत्या, आणि म्हणून अलीझा गालिच्यावरून कधी उठली ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. सदस्याबाईंचं लक्ष गेलं. “अहो, ती मुलगी!”

अलीझा दारातल्या बुटक्या स्टुलावर बसली होती. घोडीवरची सगळी पादत्राणं तिने खाली ओढली होती आणि साहेबांचे दोन्ही बूट मांडीवर घेतले होते. अर्धा वर्ग सरकत सरकत तिच्यासमोर जाऊन बसला होता, हाताची घडी, तोंडावर बोट.

विपुल सर तीरासारखे धावले. बुटाला हात घालणार, एवढ्यात मागून गर्जना झाली, “थांबा!”

गर्जना साहेबांची होती. त्यांचं बोट फ्लेक्सकडे होतं. “पहिलं कलम! काढून घ्यायचं नाही. अहो, हाच तर खरा मुक्त खेळ. या बालिकेने कुणी न सांगता भूमिका घेतली. आपण थांबू. फोटो घ्या.”

फोटो झाले. मग चहा झाला. साहेब लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन कौतुकाने बसले होते. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला, तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. अमरावतीत त्याच दुपारी मान्यवरांच्या उपस्थितीत संहितेचं प्रकाशन होतं आणि संहितेचे लेखक इकडे मोज्यांवर होते. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. इतका वेळ ते कुणालाच दिसलं नव्हतं. आता सगळ्यांना तेवढंच दिसायला लागलं.

“बेटा, अंकलचे बूट दे,” साहेब म्हणाले.

“कोण बोलतंय?” अलीझा म्हणाली.

“चॉकलेट द्यावं काय?” सदस्यांनी सुचवलं.

“प्रलोभन!” साहेब चिडून म्हणाले. “पाचव्या कलमात मीच मनाई केली आहे.”

“मंग गल्लीतून स्लिपर आनू का साहेबासाठी?” पार्बताबाईंनी विचारलं. अध्यक्ष प्रकाशनाला स्लिपर घालून गेल्याचं चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि सगळ्यांनी एकदम नकारार्थी माना हलवल्या. खिडकीतून नईमभाई तेवढे ओरडले, “साहेब, मी सांगतो ना, ती बोट ठेवल्याबिगर देतच नाई! माझ्या अम्मीले विचारा!”

“काहीतरी करा हो बाई,” साहेब पौर्णिमाताईंना म्हणाले, “पण कलम मोडू नका. मोडलं तर मला तसा शेरा द्यावा लागेल.”

विपुल सर ताईंच्या कानाशी आले. “बूट आणा. नाही आणले तर सोमवारपासून हिवरखेड.”

एकीकडे कलम, दुसरीकडे बूट. पौर्णिमाताईंच्या कानात पट्टा फिरायला लागला. त्यांनी अलीझाकडे पाहिलं. वर केलेली हनुवटी, उगारलेलं बोट, आवाजातली ती जरब. ही मूर्ती कुठेतरी पाहिलेली आहे असं त्यांना वाटलं. मग कुठे ते आठवलं आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. शाळेत आजवर जे काही खरोखर शिकवलं गेलं होतं, ते स्टुलावर बसलं होतं.

त्या पुढे गेल्या. पोरांच्या रांगेत जमिनीवर बसल्या, घडी घातली, ओठांवर बोट ठेवलं आणि खाली मान घालून थांबल्या.

अलीझाने बराच वेळ निरखलं. “शाणं बाळ,” ती म्हणाली, आणि विपुल सरांची एक मोजडी त्यांच्या हातात दिली.

मार्ग सापडला होता. सदस्याबाई लगोलग बसल्या. त्यांना सदस्यांचा बूट मिळाला. सदस्य बसले, त्यांना पार्बताबाईंची चप्पल मिळाली. ती दुसऱ्या कुणाकडे बदलून मागायची सोय नव्हती, कारण बोलायचं नव्हतं. विपुल सर आधी नुसतेच वाकले, मग पुरतेच बसले. साहेब शेवटी बसले, तेही नाइलाजाने, आणि बसल्या बसल्या म्हणाले, “अध्यक्ष या नात्याने मी...”

“कोण बोलतंय? तुझा नंबर शेवटी.”

साहेबांचा मोबाइल वाजला. पुन्हा शेवटी. साहेबांनी सवयीने दोन शब्द मार्गदर्शनाचे काढले. पुन्हा शेवटी. इतक्या वर्षांच्या नोकरीत गप्प बसण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता, त्यामुळे त्यांना ते अवघड जात होतं. स्वप्निलने त्यांच्याकडे करुणेने पाहिलं. क्लासला गेले असते तर जमलं असतं, असा भाव त्याच्या तोंडावर होता.

“संचालक,” साहेब अखेर दबक्या आवाजात म्हणाले, “या बाईंमुळे कलम वाचलं. यांना ताबडतोब काय...”

“कोण बोलतंय?”

वाक्य तिथेच तुटलं. पौर्णिमाताईंचं सगळं आयुष्य त्या तुटलेल्या शब्दाच्या पुढच्या अक्षरावर लटकलं. त्या काही बोलू शकत नव्हत्या; तोंडावर बोट होतं, तेही त्यांचंच. त्यांनी फक्त विपुल सरांकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. समितीने पाहिलं. खिडकीतल्या सगळ्या मोबाइलांनी पाहिलं. विपुल सरांनी ओठांवरचं बोट न काढता मान हलवली, वरून खाली, दोनदा. हा होकार पालकांच्या ग्रुपवर तात्काळ प्रसिद्ध झाला आणि तो आता मागे घेता येण्याजोगा राहिला नाही.

खिडकीबाहेर हशा पिकला. अलीझाची मान तिकडे वळली. तिने बोट वर केलं आणि बाहेर उभं राहून मजा बघणाऱ्या सगळ्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. हे वाचणारे आपणही त्यात आलोच. “खाली बसा. घडी.” धर्मपालभाऊ तापलेल्या पायरीवर मुकाट्याने बसले. नईमभाईंना सवयच होती.

आता कुठेच कुणी बोलत नव्हतं. फ्लेक्सच्या बाजूने हत्तीची सोंड तेवढी हलल्यासारखी वाटत होती, पण तो पंख्याचा वारा असावा.

अलीझाच्या मांडीवर बुटांची शेवटची जोडी उरली. तिने साहेबांकडे पाहिलं. विभागीय बालस्वातंत्र्य मूल्यमापन समितीचे अध्यक्ष, संहितेचे कर्ते, नागसेन साहेब यांनी हाताची घडी घट्ट केली, भोक पडलेला अंगठा दुसऱ्या पायाखाली लपवला आणि विचारलं तर चालेल का याचा अंदाज घेत, अगदी हळू, आपल्या आईपाशी बोलावं तसे म्हणाले,

“मॅडम... मले बूट देता का? मले घरी जायचं हाय.”